देवघरातला समुद्र

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी देवघरात समुद्रातून आलेल्या चार वस्तू आहेत. एक शंख, एक शाळिग्राम, लक्ष्मीपूजनाला काढायच्या पाच कवड्या आणि आजीच्या नथीतून निखळलेला एक मोती. तो मोती आईनं चांदीच्या करंड्यात जपून ठेवलाय. तिच्या बोटातली पोवळ्याची अंगठी धरली तर वस्तू पाच होतात. नागपूरहून समृद्धी महामार्ग धरला तर ७०१ किलोमीटरनंतर तो ठाणे जिल्ह्यात संपतो आणि समुद्र तिथूनही पुढेच असतो. तरी या पाच वस्तू आमच्या घरात चार पिढ्या नांदताहेत.

माझी भाची यंदा दहावीला आहे. गेल्या महिन्यात ती विज्ञानाचं पुस्तक मांडीवर घेऊन प्राण्यांचं वर्गीकरण घोकत बसली होती. रंध्रीय प्राणी, निडारिया, चपटे कृमी, गोलकृमी, वलयी प्राणी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी. मध्येच पुस्तक मिटून म्हणाली, "मावशी, पाठ करून करून डोकं दुखून राहिलं. यातला एक तरी प्राणी आपल्या इथं पाहायला भेटते का जी?"

मी प्राणिशास्त्र शिकवते. हा प्रश्न दरवर्षी माझ्या वर्गातल्या कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत असतो, तोंडावर मात्र येत नाही. तिनं तो विचारला याचा मला फार आनंद झाला. मी तिला देवघरातलं तबक घेऊन यायला सांगितलं. त्या संध्याकाळी जे बोलणं झालं ते थोडं सावरून, थोडं वाढवून इथं मांडतेय.

सुरुवात 'अपृष्ठवंशी' या शब्दापासूनच करायला हवी, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. अपृष्ठवंशी म्हणजे ज्यांना पाठीचा कणा नाही ते. हे प्राण्यात काय *नाही* ते सांगणारं नाव आहे, काय *आहे* ते त्यातून कळत नाही. जगातल्या सगळ्या माणसांचे नागपुरातले आणि नागपूरबाहेरचे असे दोनच गट केले, तर दुसऱ्या गटात जपानी कोळी, केनियाचा धावपटू आणि अमरावतीची आमची आत्या एकत्र येतील. त्यांच्यात नातं असं काहीच नसेल. अपृष्ठवंशींचं तसंच आहे. प्राण्यांचे साधारण ३० ते ३५ संघ मानतात. संघ म्हणजे देहाचा एकेक मूळ आराखडा. मासा, बेडूक, चिमणी, वाघ आणि आपण असे सगळे कणावाले मिळून त्यातला एक पूर्ण संघसुद्धा होत नाही, एका संघाचा एक भागच होतो. बाकी सगळे अपृष्ठवंशी. आणि जवळजवळ प्रत्येक संघाचे प्राणी समुद्रात सापडतात. जमिनीवर येऊन नीट स्थिरावलेले संघ मोजकेच. आजवर नाव दिलेल्या समुद्री प्राण्यांच्या जाती दोन लाखांहून जास्त आहेत आणि त्यात माशांचा वाटा लहान आहे.

स्वीडनच्या लिनियसनं १७५८ मध्ये प्राण्यांचे सहा वर्ग केले: सस्तन, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी. पहिले चार कणावाल्यांचे. खेकडा आणि कोळी त्यानं कीटकांत घातले. उरलेलं सगळं, म्हणजे गोगलगाय, जेलीफिश, तारामासा, गांडूळ, शिंपला, हे 'कृमी' या एकाच पोत्यात भरलं. ते पोतं उघडून निवडायचं काम १७९३ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात लामार्ककडे आलं. तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता आणि तोवर त्याचं नाव होतं ते वनस्पतिशास्त्रात. 'अपृष्ठवंशी' हा शब्द त्याचाच. जिराफाच्या मानेवरून त्याला चुकीचा ठरवण्यापुरतंच आपण लामार्कला ओळखतो. पण कुणी ढुंकून न पाहिलेल्या प्राण्यांसाठी त्यानं उरलेलं आयुष्य वेचलं, म्हातारपणी दृष्टी गेल्यावरही काम सोडलं नाही. हे पुस्तकात एका ओळीत तरी यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग निवडायचं कसं? रंगावरून, आकारावरून, कुठं राहतो यावरून नाही. आराखड्यावरून. भाचीला मी म्हटलं, घर बघतेस ना, तसं बघ. आधी दारं मोज.

बिनदाराचं घर म्हणजे स्पंज, पुस्तकातले रंध्रीय प्राणी. त्याला तोंड नाही, पोट नाही, नसा नाहीत. अंगभर बारीक छिद्रं असतात. आतल्या पेशी आपले चाबकासारखे केस हलवत राहतात, त्यामुळे पाणी छिद्रांतून आत येतं आणि वरच्या मोठ्या भोकातून बाहेर जातं. त्या पाण्यातलं खाणं प्रत्येक पेशी आपापलं टिपून घेते. १९०७ मध्ये विल्सन नावाच्या शास्त्रज्ञानं जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पुरण वाटून चाळणीतून काढावं तशा सगळ्या पेशी सुट्या झाल्या. थोड्या वेळानं त्या पाण्यात सरपटत एकमेकींना शोधू लागल्या, चिकटल्या आणि पुन्हा स्पंज तयार झाला. मी हा प्रयोग दरवर्षी सांगते आणि दरवर्षी माझ्याच अंगावर काटा येतो. एकेकट्या पेशींचं मिळून 'एक प्राणी' होणं ही पृथ्वीवरची केवढी मोठी घटना होती, ते इथं डोळ्यांदेखत दिसतं.

एका दाराचं घर निडारियाचं. जेलीफिश, पोवळं, समुद्रफूल आणि आपल्या तळ्यात पाणवनस्पतींच्या पानांना लटकलेला हायड्रा, हे सगळे त्यातले. देह म्हणजे दोन थरांची पिशवी. जे तोंड तेच बाहेर टाकायचंही दार. तोंडाभोवती शुंडकं, म्हणजे सोंडेसारखे लवचीक हात, आणि शुंडकांवर दंशपेशी. प्रत्येक दंशपेशीत गुंडाळी केलेला पोकळ भाला असतो. हायड्राचा हा भाला सुटायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते आणि ती करणाऱ्या प्राण्याला मेंदू नाही. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात, लोकांना चटके बसतात आणि बातम्यांत 'जेलीफिश आल्या' असं छापून येतं. ते ब्लूबॉटल जेलीफिश नव्हेत, निडारियाच पण वेगळे. एक ब्लूबॉटल म्हणजे अनेक छोट्या जीवांची वसाहत. कुणी फुगा झालेला, कुणी शिकार करणारा, कुणी पचवणारा, कुणी पिल्लं देणारा.

आईच्या अंगठीतलं पोवळं इथं येतं. सराफ्यात त्याला रत्न म्हणतात. दागिन्यातलं अस्सल लाल पोवळं प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातलं. खडकावर झुडपासारखं वाढतं, फांद्या लाल आणि त्यावर पांढरी 'फुलं'. शेकडो वर्षं त्याला वनस्पतीच मानत होते. १७२० च्या दशकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं ती फुलं समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिली. फुलं मिटायची, उघडायची. त्यानं ठामपणे सांगितलं की ही फुलं नव्हेत, प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वानांना ते इतकं अशक्य वाटलं की पेसोनेलची लाज राखावी म्हणून त्याचं नावच घ्यायचं टाळलं. तो बरोबर होता. प्रत्येक फूल म्हणजे आठ शुंडकांचा एक छोटा जीव, पॉलिप, आणि अंगठीतला खडा म्हणजे त्या सगळ्यांनी मिळून घातलेला चुन्याचा सांगाडा. भाचीनं आजीचा हात हातात घेऊन अंगठी पुन्हा एकदा नीट पाहिली.

यानंतर दोन दारांची घरं. पुढं तोंड, मागं गुदद्वार आणि मधून आरपार नळी. यानं फार मोठा फरक पडला. एकीकडून खात राहायचं, दुसरीकडून टाकत राहायचं, मधल्या नळीत वेगवेगळी कामं वाटून द्यायची. पुढं-मागं ठरलं की डोकं आलं, डावं-उजवं आलं. आज दिसणारे बहुतेक संघ याच घराण्यातले. चपटे कृमी मात्र याच घराण्यातले असूनही एकाच दारावर भागवतात. गोलकृमींबद्दल आत्ता जास्त सांगत नाही. ते संख्येनं अफाट आहेत, समुद्रतळाच्या चिखलात मूठ घातली तरी हाताला लागतील, पण देवघराच्या तबकात त्यांचं काही नाही.

तबकात आहेत ते मृदुकाय. शंख, कवडी, मोती आणि शाळिग्राम हे चारही या एकाच संघाचे. समुद्रात सर्वांत जास्त जाती असलेल्या संघांत याची गणना होते. मऊ अंग, सरकायला किंवा पकडायला एक मांसल पाय आणि पाठीवर शालीसारखं पांघरलेलं प्रावार नावाचं आवरण. कवच बनवतं ते प्रावार. एवढं ध्यानात ठेवलं की बाकी सगळी त्याचीच करामत.

शंख ही एक मोठी गोगलगाय. मन्नारच्या आखातात, तुतिकोरिन-रामेश्वरच्या बाजूला पाणबुडे ती काढत आले आहेत. वाळूतले किडे खाऊन जगते. कवच वाढतं ते तोंडाच्या कडेला. जसं अंग वाढेल तशी प्रावार कडेला नवी पट्टी जोडत जातं. म्हणून शंखाचं टोक सर्वांत जुनं. अंड्याच्या कोशातून बाहेर पडताना पिल्लाच्या पाठीवर जेवढं कवच होतं तेवढं त्या टोकाला असतं. आपण फुंकायला शंख करतो तेव्हा नेमकं तेच टोक कापतो. भाचीनं कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "म्हणजे याचं लहानपण कापलं आपण?" म्हणाली. हो, अगदी तसंच.

दक्षिणावर्ती शंखाचंही तिला सांगितलं, कारण बाजारात त्याच्या नावानं पुष्कळ फसवणूक चालते. प्राणिशास्त्रात कवच टोक वर आणि तोंड स्वतःकडे करून धरतात आणि तोंड ज्या हाताला येतं त्यावरून डावा-उजवा ठरवतात. देवपूजेत टोक खाली करून. त्यामुळे शास्त्रज्ञ ज्याला उजवा म्हणतात तो पूजेत वामावर्ती ठरतो. जवळजवळ सगळे शंख तसेच असतात. आपला दक्षिणावर्ती शास्त्राच्या भाषेत डावा, आणि या जातीत तसा शंख खरोखर फार दुर्मीळ. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर एक वेगळीच गोगलगाय आहे, जिचं जवळजवळ प्रत्येक कवच डावंच असतं. तिची कवचं आणून दक्षिणावर्ती म्हणून विकतात. घेणाऱ्यानं भक्तीनं घ्यावा, पण काय घेतोय ते जाणून घ्यावा.

कवडीही गोगलगायच. तिची चकाकी पॉलिशची नाही. जिवंतपणी प्रावार दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन कवचाला वरून झाकतं आणि त्यावर सारखे थर चढवतं, म्हणून कवडीवर ओरखडा टिकत नाही. नाणं म्हणून हिंदी महासागराभोवती शेकडो वर्षं चालली ती याच गुणांमुळे: टिकाऊ, एकसारखी, खोटी करायला अवघड. आपल्या बोलीत मात्र तिचं मोल 'कवडीमोल' उरलं.

मोत्याच्या शिंपेत वाळूचा कण गेला की मोती होतो असं आपण ऐकत आलो. पण आत आलेली वाळू बाहेर टाकायला शिंपेतला प्राणी सहसा समर्थ असतो. बहुतेक वेळा परजीवी शिरतो किंवा जखम होते, प्रावाराचा तुकडा आत ढकलला जातो आणि तो आपलं एकच ठाऊक असलेलं काम आत करत राहतो, चकाकत्या थरांवर थर. मोत्याची शेती करणारे मुद्दाम तेच करतात. दुसऱ्या शिंपेच्या प्रावाराचा तुकडा मण्यासोबत आत बसवतात.

आणि शाळिग्राम. नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूला काळी गंडकीच्या पात्रात मिळणारा काळा गोटा. आत चक्र असतं, विष्णूचं चक्र. ते अमोनाइटचं कवच आहे. हिमालय उभा राहण्याच्या आधी तिथं टेथिस नावाचा समुद्र होता, त्याच्या तळाच्या चिखलात हे प्राणी चौदा कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी गाडले गेले. पुढं भारताचा भूखंड आशियाला धडकला आणि तो तळ डोंगर होऊन वर आला. अमोनाइट गोगलगाईसारखा दिसतो, पण तो ऑक्टोपस आणि म्हाकुलाच्या (कटलफिशच्या) घराण्यातला. कवचात आडव्या भिंती घालून खोल्या केलेल्या, शेवटच्या खोलीत प्राणी, मागच्या खोल्यांत तरंगण्यासाठी वायू. म्हाकुलानं ते कवच कातडीच्या आत घेतलं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन म्हणून पांढरी हलकी वडी मिळते, ती म्हाकुलाच्या पाठीतली. समुद्राचा फेस थिजून झालेली नाही. ऑक्टोपसनं कवच जवळजवळ सोडूनच दिलं आणि बुद्धी वाढवली. तीन हृदयं, तांब्यामुळे निळं झालेलं रक्त, सुमारे ५० कोटी चेतापेशी आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त हातांत.

एवढं झाल्यावर भाचीनं मला अडवलं. तिचं म्हणणं रास्त होतं. गोगलगाय, शिंपला आणि ऑक्टोपस एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. मग ते एकाच घरचे हे पहिल्यांदा ओळखलं कसं?

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथं आहे आणि पुस्तकातल्या तक्त्यात नेमकी तीच दिसत नाही. मोठेपणी प्राणी परिस्थितीप्रमाणे वाट्टेल ती रूपं घेतात. नातं उघडं पडतं ते लहानपणी. समुद्रातले बरेचसे प्राणी अंड्यातून थेट आई-बापासारखे निघत नाहीत. आधी एक सूक्ष्म पिल्लू निघतं, पाण्याबरोबर वाहतं आणि मग रूप बदलतं. त्याला डिंभ म्हणतात. सुरवंट आणि फुलपाखरू आठवा.

बार्नॅकलचं उदाहरण घ्या. जहाजाच्या बुडाला, खडकाला चिकटलेले चुन्याचे छोटे ज्वालामुखी. हलत नाहीत, कवच आहे, म्हणून त्यांना शिंपल्यांसोबत मृदुकायांत बसवलं होतं. १८३० च्या सुमारास थॉम्पसन नावाच्या लष्करी डॉक्टरानं समुद्राच्या पाण्यातले इवले डिंभ भांड्यात पाळले. ते पोहत होते, सांध्यांचे पाय हलवत होते, एखाद्या झिंग्याच्या पिल्लासारखे. मग ते भांड्याला डोक्यानं चिकटले आणि बार्नॅकल झाले. म्हणजे हा शिंपला नव्हे, झिंग्या-खेकड्यांचा भाऊबंद, संधिपाद. डोक्यावर उभा राहून आयुष्यभर पायांनी तोंडात घास लोटणारा. डार्विननं पुढं याच बार्नॅकलांवर आठ वर्षं घालवली.

गोगलगाईचं लहानपणही असंच बोलकं. डिंभ असतानाच तिचं अंग १८० अंशांत पिळतं आणि मागची बाजू डोक्यावर येते. मोठ्या शंखात ती पीळ शोधायला चिरफाड करावी लागते, डिंभात ती घडताना दिसते. समुद्री मृदुकायांचा आणि गांडुळाचे नातलग असलेल्या समुद्री वलयी कृमींचा पहिला डिंभ तर जवळजवळ सारखा: भोवऱ्यासारखा, कमरेला फिरणाऱ्या केसांचा पट्टा. जुने लोक अंगावरची वलयं पाहून गांडुळाला कीटकांजवळ बसवत. तो भोवरा मात्र वेगळंच सांगत होता. १९९७ मध्ये जनुकांचा पुरावा आला आणि मांडणी हलली. कात टाकणारे संधिपाद आणि गोलकृमी एका बाजूला, वलयी आणि मृदुकाय दुसऱ्या बाजूला. म्हणजे पावसात अंगणात निघणारं गांडूळ मुंगीपेक्षा शंखाच्या जवळचं.

खोल समुद्रात तर याहून गमतीचं घडलं. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळाच्या गरम झऱ्यांवर माणसाएवढे, लाल तुऱ्याचे नळीकृमी सापडले. त्यांना तोंडही नाही आणि पोटही नाही. अंगात पाळलेले जीवाणू झऱ्यातल्या गंधकयुक्त वायूवर अन्न बनवतात, त्यावर ते जगतात. इतके वेगळे म्हणून त्यांना स्वतंत्र संघ दिला होता. जनुकं आणि डिंभ पाहिल्यावर ते वलयींतच परत आले.

आणखी मागं, अगदी गर्भापर्यंत जाऊ. अंड्याच्या पेशी वाढून पोकळ चेंडू होतो आणि मग त्याला एका जागी खळगा पडतो. ते पहिलं भोक. कीटक, मृदुकाय, वलयी यांच्या बाजूच्या घराण्यात साधारणपणे तोंड त्या भोकाच्या जागी होतं. दुसऱ्या घराण्यात तिथं गुदद्वार होतं आणि तोंड नंतर वेगळं फुटतं. आपण या दुसऱ्या घराण्यातले. आपल्या सोबतीला समुद्रातलं कोण आहे? चतुर ऑक्टोपस नव्हे. ना डोकं, ना मेंदू असलेला तारामासा.

भाचीचा यावर विश्वास बसेना. कंटकचर्मी म्हणजे तारामासा, काटेरी चेंडूसारखा सी-अर्चिन, समुद्रकाकडी. पाच बाजूंचा देह, अंगात पाण्याच्या नळ्यांचं जाळं आणि त्या पाण्याच्या दाबावर चालणारे शेकडो इवले नलिकापाद. त्यांनी शिंपला धरून ताणायचा, फट पडली की स्वतःचं जठर बाहेर काढून शिंपल्यात घालायचं आणि तिथंच पचवायचं. आपल्यात आणि त्याच्यात साम्य ते काय? पण डिंभ बघा. तारामाशाचा डिंभ पाच बाजूंचा नसतोच. त्याला आपल्यासारखी डावी-उजवी बाजू असते. पाच हातांचं ते मोठेपणीचं सोंग. २०२३ मध्ये तारामाशाच्या हातांत कोणती जनुकं कुठं जागी असतात ते तपासलं गेलं आणि दिसलं की इतर प्राण्यांत डोक्याकडची म्हणून ओळखली जाणारी जनुकं त्याच्या जवळजवळ सगळ्या अंगावर जागी आहेत, धडाकडची फारशी नाहीतच. ज्याला डोकं नाही म्हणत होतो, तो बहुतांशी डोकंच निघाला.

याहून जवळचा नातलग सी स्क्वर्ट. पुस्तकात हर्डमानिया म्हणून त्याचं चित्र आहे, खडकाला चिकटलेली बटाट्यासारखी पिशवी. दाबली की पाण्याची पिचकारी. १८६६ मध्ये कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं त्याचा डिंभ पाहिला. बेडकाच्या पिल्लासारखी शेपूट आणि शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे आधार देणारी लवचीक दांडी. आईच्या पोटात असताना आपल्या पाठीतही तोच असतो. डिंभ थोडा वेळ पोहतो, जागा पाहून चिकटतो आणि शेपूट, पृष्ठरज्जू, चेतारज्जूचा बराच भाग, सगळं विरघळवून टाकतो. त्याचं लहानपण कुणी पाहिलं नसतं, तर आपल्या सर्वांत जवळचा हा अपृष्ठवंशी अजून भलत्याच पोत्यात असता.

सगळे वाद मिटलेत असं मात्र नाही. प्राण्यांच्या वंशवृक्षावर पहिली फांदी फुटली ती स्पंजांची की कंगव्यासारखे केस हलवत पोहणाऱ्या पारदर्शक कोम्बजेलींची? मी शिकत होते तेव्हा उत्तर ठरलेलं होतं: स्पंज. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांची मांडणी तपासून एका गटानं कोम्बजेलींच्या बाजूनं कौल दिला. वाद चालू आहे. मला हा वाद फार आवडतो, कारण नसा आणि स्नायू एकदाच घडले की दोनदा, हे त्याच्या निकालावर ठरेल.

"पण नागपूरला याचा काय उपयोग?" हा प्रश्न भाचीचा नव्हता, आईचा होता. स्वयंपाकघरातून आला.

उपयोग आहे, तोही आपल्या पायाखाली. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहत आला. नागपूर त्या लाव्हाच्या पसाऱ्याच्या पूर्व कडेवर बसलंय. लाव्हाचे लोट एकामागून एक आले, पण मध्ये मोठी विश्रांती असायची. तेव्हा पाणी साठायचं, गाळ बसायचा, त्यात जीव गाडले जायचे आणि मग वरून पुढचा लोट. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याला नागपूरजवळच्या टाकळीला अशाच थरांत जीवाश्म मिळाले. शहरातल्या जुन्या कॉलेजला नाव आहे ते याचंच. १८५५ मध्ये त्यानं आणि त्याचा सहकारी हंटर यानं नागपूरच्या भूगर्भावर लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात लिहिलं. त्या थरांत वनस्पती आहेत, कीटक आहेत आणि फायसा नावाच्या गोगलगाई आहेत.

आता ते पाणी कसलं होतं, तळ्याचं की समुद्राचं? गोगलगाय नुसती 'गोगलगाय' म्हणून सांगता येणार नाही, कारण मृदुकाय दोन्हीकडे राहतात. म्हणून ती कोणत्या कुळातली ते ओळखावं लागतं. फायसाचे आजचे नातलग गोड्या पाण्यात राहतात. म्हणजे तळं. दुसरी खूण कंटकचर्मींची. त्यांच्या अंगातलं पाणी समुद्राइतकंच खारट असतं आणि मीठ-पाण्याचा तोल राखणारं मूत्रपिंडासारखं इंद्रिय त्यांना नाही, म्हणून गोड्या पाण्यात एकही कंटकचर्मी जगत नाही. खडकात सी-अर्चिनचा काटा दिसला की तिथं समुद्र होता, यावर डोळे मिटून सही करावी. नर्मदेच्या खोऱ्यात धार जिल्ह्यातल्या बाघच्या चुनखडीत सी-अर्चिन आहेत, कालवं आहेत, अमोनाइटही आहेत. लाव्हाच्या आधी समुद्राची एक चिंचोळी भुजा तिथवर आत आली होती. आणि आपल्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांची कवचं सापडल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. समुद्र तेव्हा जवळच कुठंतरी असावा, असा अर्थ संशोधकांनी लावला. छिंदवाड्याला आपण एस.टी.नं सकाळी जाऊन रात्री परत येतो.

तबकातला शाळिग्राम ज्या घराण्याचा, ते अमोनाइट याच सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी कायमचे संपले. त्याचं मोठं कारण मेक्सिकोजवळ आदळलेली उल्का, आणि आपल्या लाव्हाचा त्यात किती हात होता यावर अजून अभ्यास चाललाय. फायसाचं घराणं मात्र टिकलं.

पुढच्या शनिवारी मी भाचीला आमच्या प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या कपाटात टाकळीचा एक फायसा आहे, बोटाच्या पेराएवढा, दगड झालेला. टोक शाबूत. मी तो तिच्या तळहातावर ठेवला. तिनं काही न सांगता आजीच्या शंखासारखा धरला, टोक खाली, तोंड स्वतःकडे. मग दोनदा फिरवून पाहिला. तोंड उजव्या हाताला येत होतं. फायसाचं सगळं कुळच तसं असतं, शास्त्राच्या भाषेत डावं. देवघराच्या भाषेत दक्षिणावर्ती.